बीएस्सीला असताना संशोधन, तेही पदरमोड न करता: कुठे आणि कसं?

मिठीकाठची | ११ ऑगस्ट, रात्री १०:५२

नमस्कार लोकहो. मी एस.वाय.बीएस्सीला आहे. विषय केमिस्ट्री, राहायला कुर्ल्याला. कॉलेज सेंट्रल लाइनवरचं, साधंच. आमच्या वर्गातला एक मुलगा मे महिन्यात कुठल्याशा लॅबमध्ये दोन महिने जाऊन आला आणि आता प्रॅक्टिकलला बाईंनी तोंड उघडायच्या आत त्याला पुढची पायरी माहीत असते. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

अडचण अशी की सुट्टीत मी आमच्या चाळीतल्या सातवी-आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. महिन्याला सहा हजार सुटतात आणि जूनची फी त्यातूनच जाते. दोन महिने लॅबमध्ये बिनपगारी राबायचं म्हटलं तर घरी काय सांगू? बाबांना 'संशोधन' म्हटलं की पीएचडी वाटते, म्हणजे अजून दहा वर्षं.

पदवीच्या मुलांना घेणाऱ्या आणि चार पैसेही देणाऱ्या जागा खरंच आहेत का? की हे सगळं आयआयटीवाल्यांसाठीच असतं?

भांडुपकर | ११ ऑगस्ट, रात्री ११:२०

जागा आहेत. बीएस्सीच्या पोरांना बाटल्या धुवायला ठेवतात. मी दोन महिने धुतल्या, शेवटी सर्टिफिकेट मिळालं, त्यावर नाव चुकलेलं. ह.घ्या., पण फार हलकंही घेऊ नका.

मास्तर_माटुंगा | १२ ऑगस्ट, सकाळी ६:१५

भांडुपकर, बाटली नीट धुता येणं हे केमिस्ट्रीत अर्धं शिक्षण आहे. ते असो.

मिठीकाठची, मी पंचवीस वर्षं बीएस्सीला शिकवतोय. मुलं माझ्याकडे येतात ती मार्चमध्ये. परीक्षा तोंडावर आणि 'सर, सुट्टीत कुठे प्रोजेक्ट मिळेल का?' तोवर बहुतेक दारं लागलेली असतात. उन्हाळ्यातलं संशोधन दिवाळीत ठरतं. तू ऑगस्टमध्येच विचारलंस हे फार बरं केलंस.

तुझ्यासाठी पहिलं नाव म्हणजे तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी, तिघी मिळून ती चालवतात. देशातल्या एखाद्या संस्थेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली दोन महिने काम, दरमहा विद्यावेतन, शिवाय जाण्यायेण्याचं भाडं. अर्जाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्यात 'मला काय करायचंय' यावर एक छोटं टिपण लिहावं लागतं आणि एका शिक्षकाने ऑनलाइन शिफारस पाठवावी लागते. मुलं आपटतात ती इथे. टिपणात सगळे 'मला विज्ञानाची आवड आहे' लिहितात. आणि शिफारसीची लिंक सरांच्या स्पॅममध्ये जाऊन बसते. माझ्याच स्पॅममध्ये दोन मुलांच्या सापडल्या होत्या, मुदत उलटून गेल्यावर. त्यातली एक मुलगी अजून माझ्याशी धड बोलत नाही.

एक गाडी मात्र तुझी सुटली आहे. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं). त्यांचा 'नियस' नावाचा कार्यक्रम २००४ पासून आहे आणि तो खास पदवीच्या मुलांसाठीच आहे. पण त्यात मुलं घेतात ती एफ.वाय. संपतासंपता. कुर्ल्याहून मानखुर्द हार्बरवर चार स्टेशनं, आणि दरवर्षी तिथे बिहार, केरळ, बंगालची मुलं येतात. आपल्याकडच्या कॉलेजांत मात्र ती जाहिरात नोटीसबोर्डावर वाळत असते.

कुलाब्याच्या टीआयएफआरचा 'व्हीएसआरपी' हा उन्हाळी संशोधन कार्यक्रमसुद्धा ऐकशील. त्याची पात्रता विषयागणिक वेगळी आहे आणि बराचसा भर एमएस्सी नि इंजिनिअरिंगच्या वरच्या वर्षांवर. आत्ता त्यामागे लागू नकोस.

तुझ्या कॉलेजला जैवतंत्रज्ञान विभागाची 'स्टार कॉलेज' योजना मिळाली आहे का, हे मात्र विचार. पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिकं आणि छोटे प्रकल्प यांसाठी केंद्र सरकारचा पैसा असतो तो. मुंबईत बऱ्याच कॉलेजांना मिळालाय. रसायनं, काचसामान त्यातून येतं. कुणी मागितलंच नाही तर मार्चअखेरीला कॉलेज आपल्या मर्जीने काहीतरी घेऊन टाकतं.

पेट्रीडिश | १२ ऑगस्ट, दुपारी १:०५

मी नियसची. मास्तरसर म्हणतात ते शब्दशः खरं. आमच्या कॉलेजात जाहिरात लागलीच नव्हती, मला ती कळली 'चाय अँड व्हाय?'मधून. (टीआयएफआरवाले रविवारी सकाळी अकराला सर्वांसाठी मोफत गप्पा-प्रयोग करतात, पृथ्वी थिएटरला आणि रुपारेल कॉलेजला. जात जा गं, शास्त्रज्ञ माणसं जवळून बघायला मिळतात आणि तीही घरच्या कपड्यांत.)

आधी शिबिर होतं. ते झाल्यावर ज्यांना प्रोजेक्ट मिळतो ते पुढच्या सुट्ट्यांमध्ये येऊन काम करतात. राहायला-खायला कॅम्पसवर, भाडं आणि विद्यावेतन मिळतं. मी वर्षभरात एकच गोष्ट शिकले, पण ती कॉलेजात शिकले नसते. माझ्या प्रयोगाचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण 'स्टँडर्ड व्हॅल्यू'कडे डोळा ठेवून रीडिंग ओढून आणतो ना, तसं तिथे करताच येत नाही, कारण ओढायचं कुठे तेच ठाऊक नसतं. पहिले तीन आठवडे मला वाटायचं माझंच चुकतंय. चौथ्या आठवड्यात कळलं की यंत्रच सैल होतं.

एफ.वाय.चे कुणी वाचत असतील तर आणखी एक: बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये केमिस्ट्री आणि बायोलॉजीसाठी पदवीच्या मुलांचे कार्यक्रम आहेत, पोसी आणि पोबी. तीन उन्हाळे लागोपाठ जायचं. तेही पहिल्या वर्षातच.

प्रेरणाग्रस्त | १२ ऑगस्ट, रात्री ९:३०

माझ्या आयडीवरून ओळखलं असेलच. डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची, इन्स्पायर स्कॉलरशिप. वर्षाला ८०,००० रुपये, पाच वर्षांपर्यंत. बारावीला आपल्या बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात असलात, किंवा जेईई-नीटमध्ये पहिल्या १०,०००त, आणि तरी बीएस्सीला आलात, तर मिळते. घरचे म्हणाले, इंजिनिअरिंग सोडून बीएस्सी? मी म्हटलं, सरकार पैसे देतंय.

आता माझं रडगाणं ऐका. या ८०,०००मधले ६०,००० थेट आपले. उरलेले २०,००० उन्हाळ्यात मार्गदर्शकाकडे प्रोजेक्ट केला, अहवाल नि प्रमाणपत्र दिलं, की मगच. मी पहिल्या वर्षी प्रोजेक्ट केला. प्रामाणिकपणे केला. कॉलेजने प्रमाणपत्र दिलं साध्या कागदावर, लेटरहेड नाही, तारखा नाहीत, शिक्का अर्धा उमटलेला. ते परत आलं. ऑफिसात गेलो तर क्लार्क रजेवर, आले तर अॅडमिशन चालू, मग गणपती. वीस हजार गणपतीबरोबर विसर्जित. दुसऱ्या वर्षी मी प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी प्रमाणपत्राचा नमुना टाइप करून गाइडच्या टेबलावर ठेवला. गाइड म्हणाले, आधी काम तर कर. मी म्हटलं, सर, काम मी करणारच, तुम्ही फक्त लेटरहेड आणून ठेवा.

आणि ते केव्हीपीवाय (विज्ञानाच्या मुलांची जुनी फेलोशिप) कुणी सांगितलं तर नादी लागू नका, ती २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली. काही क्लासवाले अजून तिची पुस्तकं विकतात.

मिठीकाठची | १२ ऑगस्ट, रात्री १०:१०

बारावीला मला ७८ टक्के होते, तेव्हा इन्स्पायरचा प्रश्नच मिटला. :)

सर, ते टिपण. मला 'काय करायचंय' तेच माहीत नाही. टायट्रेशन आवडतं, एवढंच. रंग बदलायच्या आधीचा तो शेवटचा थेंब.

मास्तर_माटुंगा | १३ ऑगस्ट, सकाळी ६:०५

तुझ्या आयडीतच विषय आहे की.

स्टेथो | १३ ऑगस्ट, दुपारी ३:४०

थोडं अवांतर, पण एमबीबीएस-बीडीएसवाले वाचत असतील तर: आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस, विद्यार्थ्यांसाठीची योजना. १९७९ पासून चालू आहे. दोन महिन्यांचं छोटं संशोधन, आता दोन महिन्यांचे मिळून ५०,००० रुपये. पण हे पैसे हातात येतात अहवाल मंजूर झाल्यावर. मंजूर झाला नाही तर शून्य. आणि एथिक्स कमिटीची परवानगी लागते. आमच्याकडे कमिटीची बैठक कधी भरेल हे पंचांगातही सापडत नाही. म्हणून प्रश्न असा निवडा की केस पेपर किंवा प्रश्नावलीवर भागेल. माझ्या रूममेटने नव्वद रुग्णांचं रक्त तपासायचं ठरवलं होतं. किटचा खर्च ऐकून गाइडने त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

समीकरण | १३ ऑगस्ट, रात्री ११:५५

गणितवाल्यांसाठी एमटीटीएस हे प्रशिक्षण शिबिर. १९९३ पासून. उन्हाळ्यात चार आठवडे, राहणं-खाणं मोफत, फी नाही. याला संशोधन म्हणणार नाही, पण चार आठवडे सकाळ-संध्याकाळ 'का?' एवढंच विचारतात. घरी आल्यावर मी आईलाही विचारायला लागलो, मग तिने थांबवलं.

मोडीवाली | १४ ऑगस्ट, सकाळी ११:३०

कला शाखेचं कुणी नाही का? बरं, मीच लिहिते.

आम्हाला विद्यावेतन वगैरे शब्द माहीतच नाहीत. पण जागा म्हणाल तर आम्ही श्रीमंत आहोत. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. शेजारून माणसं जहांगीरला जातात, आमच्याकडे वर बघत नाहीत. मुंबई इलाख्याचे कागद तिथे आहेत. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी, १८०४ सालची. आणि कालिन्याला विद्यापीठाच्या आवारात आयसीएसएसआरचं (समाजविज्ञान संशोधन परिषदेचं) पश्चिम विभागीय केंद्र.

टी.वाय.ला मी गिरणगावातल्या खानावळींवर प्रोजेक्ट केला. कॉलेजचं पत्र घेऊन पुराभिलेखात गेले. तिथल्या काकांनी विचारलं, मोडी येते का? नाही म्हटल्यावर त्यांनी इंग्रजी फाइल दिली. तिसऱ्या दिवशी फाइलमध्ये मधेच एक मोडीतला अर्ज निघाला, खाली अंगठा. पूर्ण पान मला गिचमीड दिसत होतं, फक्त आकडे कळत होते. चार आठवड्यांनी मोडीच्या वर्गाला नाव घातलं. तो अर्ज मला वाचता आला तेव्हा माझी पदवी झाली होती. खानावळवालीने उधारी बुडवणाऱ्याची तक्रार केली होती, बाकी काही नाही. पण वाचला मी.

खर्च: ट्रेनचा पास, झेरॉक्स, आणि दुपारचा वडापाव. हे कुणी दिलं नाही. आता ऐकते की नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. पैसे नाहीत, निदान गुण तरी.

मास्तर_माटुंगा | १४ ऑगस्ट, रात्री ८:२०

क्रेडिटचा विषय निघालाच आहे तर थोडं. चौथं वर्ष 'ऑनर्स विथ रिसर्च' करायचं असेल तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणजे एस.वाय.ची एखादी केटी (राहिलेला विषय) तिथवर त्रास देते. शिवाय तुमच्या विभागात संशोधनाची सोय आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शक हवेत, तेव्हा प्रवेश घेण्याआधी विभागप्रमुखांना थेट विचारा. 'होईल सोय' या उत्तराला अर्थ नसतो.

आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची नावं मुलं घेतात. त्यांच्या संशोधनाच्या फेलोशिप पीएचडीसाठी आहेत, पदवीसाठी नव्हेत. महाडीबीटीवरच्या फीसवलती वेगळ्या, त्या मात्र सोडू नका.

अंधेरीची_आई | १६ ऑगस्ट, दुपारी २:१५

सगळ्या मुलांना एक कळकळीचं सांगणं. माझ्या लेकीला व्हॉट्सअॅपवर 'रिसर्च इंटर्नशिप' आली. ऑनलाइन, सहा आठवडे, शेवटी आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर छापून देणार. भरायचे ४,९९९. मी भरले. हो, मीच भरले, पोरीचं कल्याण होईल म्हणून. सहा आठवड्यांत तीन व्हिडिओ आले, आणि पेपरवर तिच्या नावाआधी अकरा नावं, त्यातलं एकही तिच्या ओळखीचं नाही. विषय: कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ऊस. ती मायक्रोबायोलॉजीला आहे.

भांडुपकर | १६ ऑगस्ट, दुपारी २:४०

काकू, ऊस हे वाचून मी लोकलमध्ये मोठ्याने हसलो. सॉरी. पण नियम सोपा आहे: जे तुम्हाला पैसे देतात किंवा निदान मागत नाहीत, ते संशोधन. जे मागतात ते दुकान.

पेट्रीडिश | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

इतकं सरळ नाही हो. काही चांगल्या सरकारी संस्थाही प्रशिक्षणार्थींकडून बेंच फी घेतात. पण ती त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेली असते, पावती मिळते, आणि तुम्ही रोज तिथे जाऊन हाताने काम करता. जीपेवर कुणाच्या वैयक्तिक नंबरला जात नाही.

मिठीकाठची | ३० ऑगस्ट, रात्री ११:१५

अकादमीचा अर्ज तर भरणारच, पण इथल्याच प्राध्यापकांना मेल पाठवायला सुरुवात केली. चौदा पाठवले, एकही उत्तर नाही. मेल इंग्रजीतच आहे, इथे मराठीत मजकूर देते, सांगा काय चुकतंय:

'आदरणीय सर/मॅडम, मी केमिस्ट्रीची उत्साही विद्यार्थिनी असून मला लहानपणापासून संशोधनाची तीव्र आवड आहे. आपल्या नामांकित संस्थेत आपल्या अमूल्य मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास मी आपली ऋणी राहीन. मी मेहनती, प्रामाणिक आणि वेळेची पक्की आहे. सोबत बायोडेटा.'

पेट्रीडिश | ३० ऑगस्ट, रात्री ११:५०

अगं, हे लग्नाच्या स्थळाचं पत्र आहे! राग मानू नकोस, माझंही असंच होतं.

'सर/मॅडम' बघून त्यांना कळतं की ही फौज सोडली आहे. बीसीसीत टाकले होतेस ना चौदाही? एकेकाला पाठव. नाव घे. त्यांच्या वेबपेजवरचा एकच पेपर उघड, सगळा कळला नाही तरी चालेल, त्यातली एक आकृती बघ आणि तिच्याबद्दल एक खरा प्रश्न विचार. मग तुला हाताने काय येतं ते लिही: टायट्रेशन, पीएच मीटर, कलरीमीटर. मग तारखा. 'मे-जून, सोमवार ते शनिवार, कुर्ल्याहून रोज येऊन-जाऊन, राहायची सोय नको.' मुंबईत ही ओळ सोन्याची आहे, कारण हॉस्टेल ही सगळ्यांचीच डोकेदुखी. सगळं मिळून आठ ओळी.

प्रेरणाग्रस्त | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:१०

विद्यावेतनाचं पहिल्या मेलमध्ये चुकूनही विचारू नकोस. तिथेच पत्ता कट.

मोडीवाली | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:४५

का विचारू नये? कुणाला घरून पैसे मिळतात आणि कुणाला नाही, हे प्राध्यापकांना कळणार कसं? न विचारण्याच्या या सभ्यतेमुळेच लॅबमध्ये फक्त ज्यांना परवडतं तीच मुलं दिसतात.

प्रेरणाग्रस्त | ३१ ऑगस्ट, सकाळी १०:०२

तत्त्व बरोबर आहे, मोडीवाली. पण तिला जागा हवी आहे, तत्त्व नको.

मास्तर_माटुंगा | ३१ ऑगस्ट, रात्री ९:००

दोघेही थांबा. पहिल्या मेलमध्ये नको, पण भेटीत जरूर विचार, आणि मान खाली न घालता. 'सर, प्रवासाचा खर्च निघेल असं काही प्रकल्पातून शक्य आहे का?' एवढंच. अनेक प्राध्यापकांच्या प्रकल्पात तेवढी तरतूद काढता येते, कुणी विचारत नाही म्हणून ते काढत नाहीत. मीही कुणी विचारल्याशिवाय कधी काढली नाही, हे कबूल करतो.

आणि मिठीकाठची, उन्हाळ्याची वाट बघू नकोस. 'आविष्कार'ला उतर. राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून राज्यातल्या विद्यापीठांमध्ये चाललेली संशोधन स्पर्धा. पदवीचा गट वेगळा असतो. आधी विभागीय फेरी, मग विद्यापीठाची, मग राज्याची. पोस्टर लावायचं आणि परीक्षकांसमोर बोलायचं. कॉलेजच्या समन्वयकांना उद्याच गाठ. मिठी नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोज. विंकलरची पद्धत, १८८८ सालची, आणि शेवटी काय आहे त्यात? टायट्रेशन.

मिठीकाठची | १९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

बरेच दिवसांनी आले. ऐका काय झालं.

पहिल्यांदा आम्ही (मी आणि माझी मैत्रीण) बिसलेरीच्या बाटलीत पाणी भरून कॉलेजला नेलं. टायट्रेशन केलं, रीडिंग चांगलं आलं. फारच चांगलं आलं. मी खूश. लॅबमधले मामा, जे कधी काही बोलत नाहीत, ते म्हणाले, "एवढा ऑक्सिजन असता तर तिथे मासे नसते दिसले का?" अर्धी रिकामी बाटली रिक्षात हिंदकळत आणली होती, सगळी मुंबईची हवा आत मिसळली होती.

मग रीतसर केलं. ३०० मिलीची बीओडीची बाटली, पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, बुडबुडा राहता कामा नये. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून झाकण लावायचं, म्हणजे ऑक्सिजन तिथल्या तिथे 'बांधला' जातो. (अझाइड विषारी असतं म्हणून मामा स्वतः बरोबर आले, ग्लोव्ह्ज घालून.) सरांच्या सांगण्यावरून ओहोटीची वेळ धरली, नाहीतर माहीमच्या खाडीतून समुद्राचं पाणी वर चढतं.

पवईच्या बाजूला बाटलीत तपकिरी साका बसला. बसतो तसा, ढगासारखा हळूहळू. मग कुर्ल्याला आलो. पुलाजवळ, आमच्या घरापासून सात मिनिटांवर. रसायनं घातली, बाटली उलटीसुलटी केली, आणि साका पांढरा. पांढराच राहिला. मी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "ऑक्सिजनच नाही तर रंग कुठून येणार?" स्वच्छ पाण्यात आपल्या मुंबईच्या तापमानाला लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, असं पुस्तकात आहे. इथे टायट्रेट करायला काही उरलंच नव्हतं.

आजी २६ जुलैच्या पुराच्या गोष्टी सांगते, मी त्यानंतरच्या वर्षी जन्मले. एवढी वर्षं त्या वासात झोपतेय आणि नदीत काय नाही ते आत्ता बाटलीत बघितलं.

अकादमीचं टिपण आता दहा मिनिटांत लिहून झालं.

भांडुपकर | १९ ऑक्टोबर, रात्री १०:५०

मी बाटल्या धुण्याबद्दल जे बोललो ते मागे घेतो. अर्धं.

मास्तर_माटुंगा | २० ऑक्टोबर, सकाळी ६:१०

छान. एकच बाटली भरलीस का? प्रत्येक ठिकाणी तीन हव्यात. पुन्हा जा. आणि पोस्टरवर पहिली, फसलेली बाटलीही दाखव, परीक्षक तिथेच थांबतील.

मिठीकाठची | १२ जुलै, रात्री ९:४०

धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यनित विचारलं.

आविष्कार: विभागीय फेरी पार, विद्यापीठाच्या फेरीत बाहेर. परीक्षकांनी विचारलं, पावसाळ्यातली रीडिंग कुठे आहेत? नव्हती. सर, फसलेल्या बाटलीवरच सगळ्यात जास्त वेळ बोलले ते.

अकादमी: नाव आलं नाही.

मेल: नवीन मसुद्याने तेवीस पाठवले. तीन उत्तरं. एक 'जागा नाही', एक 'फक्त एमएस्सी', आणि एक 'शुक्रवारी चारला या'. त्या मॅडमनी पोस्टरचा फोटो बघितला, पांढऱ्या साक्यावर बोट ठेवून वीस मिनिटं प्रश्न विचारले. मे-जून तिथेच होते. शिकवणी सोडली नाही, सकाळी सात ते नऊ केली, मग लॅब. भेटीत पैशांचं विचारलं. मान खाली गेलीच थोडी, पण विचारलं. मॅडमनी प्रकल्पातून महिन्याला चार हजार बसवले. अजून जमा झालेले नाहीत, कागद 'वर' गेलाय म्हणे. तोवर पदरचेच.

एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती: रेल्वेचं विद्यार्थी कन्सेशन घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचं मिळतं. लॅब दुसऱ्या दिशेला असेल तर पूर्ण पैशांचा पास. हिशोबात धरा.

बाबा एक दिवस लॅबच्या गेटपर्यंत सोडायला आले होते. वॉचमनला विचारत होते, इथे किती वर्षं लागतात म्हणून.

एफवायचा_नवा | १३ जुलै, दुपारी १२:०५

ताई, मी यंदा एफ.वाय.ला आलोय, फिजिक्स. नियसची जाहिरात आमच्याकडे लागते की नाही माहीत नाही. आत्तापासून काय करू?

मिठीकाठची | १३ जुलै, रात्री १०:२०

होमी भाभा केंद्राच्या वेबसाइटवर जानेवारीपासून दर आठवड्याला बघ, नोटीसबोर्डाच्या भरवशावर राहू नकोस. शिफारस देतील असे एक सर आत्ताच हेरून ठेव, पहिल्या बाकावर बसलास तरी पुरे, नाव लक्षात राहतं. आणि लिंक पाठवलीस की त्यांच्यासमोर उभा राहून त्यांचा स्पॅम उघडायला लाव.